पाकिटातला पत्ता : गिमिक पाकीट, हातचलाखी आणि त्यांच्यामधला वेळ

खिसापत्ता

पत्त्यांच्या जादूत ज्याला आपण सगळे ‘कार्ड टू वॉलेट’ म्हणतो, त्या प्रयोगावर सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. प्रेक्षक कॅटमधून एक पत्ता काढतो, त्यावर सही करतो, पत्ता परत कॅटमध्ये जातो आणि शेवटी तोच सही केलेला पत्ता जादूगाराच्या पाकिटातल्या, चेन लावलेल्या कप्प्यातून निघतो. पाहणाऱ्याला घरी जाऊन एका वाक्यात सांगता येईल इतका हा प्रयोग सरळ आहे, आणि जवळून दाखवायच्या जादूत याच्या तोडीचे प्रयोग मला फार थोडे माहीत आहेत. गेली चौदा वर्षे मी तो करतो आहे आणि या काळात चार वेगवेगळी पाकिटे माझ्या हाताखालून गेली. नव्याने शिकणारे बहुतेक जण ‘कोणते पाकीट घेऊ’ असे विचारतात. हा प्रश्न रास्तच आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा असे मला मनापासून वाटते. पाकीट खिशातून बाहेर येते, ते कशासाठी येते?

आधी पाकिटांबद्दल थोडे. गिमिक पाकीट म्हणजे बाहेरून चारचौघांसारखे दिसणारे, पण आत एखादी छुपी सोय असलेले पाकीट. या प्रयोगासाठीच्या पाकिटांची दोन मोठी घराणी आहेत. पहिले अमेरिकन जादूगार पॉल ल पॉल यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यात पत्ता पाकिटातल्या बंद लिफाफ्यात सापडतो. दुसऱ्याला हॉलंडचे फ्रेड कॅप्स आणि अमेरिकेचे एड बाल्डुची यांची नावे चिकटली आहेत. त्यात लिफाफ्याचा टप्पा गाळून पत्ता थेट चेनच्या कप्प्यात पोहोचतो. (फ्रेड कॅप्स यांनी जागतिक जादू स्पर्धेचे, म्हणजे ‘फिझम’चे, सर्वोच्च पारितोषिक १९५०, १९५५ आणि १९६१ असे तीन वेळा मिळवले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर बीटल्स ज्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायले, त्याच कार्यक्रमात त्यांच्या पाठोपाठ कॅप्स यांना जादू दाखवावी लागली होती. त्या रात्रीच्या प्रेक्षकांसमोर उभे राहण्याचे धैर्य मला फार मोठे वाटते.) लिफाफ्याचा परिणाम अधिक होतो, यात शंका नाही, पण दर वेळी नवा लिफाफा तयार ठेवावा लागतो, आणि माणूस पाकिटात बंद लिफाफा घेऊन का हिंडतो, याचेही काही कारण द्यावे लागते. म्हणून मी दुसऱ्या घराण्याचा झालो.

तत्त्व दोन्हींचे एकच आहे. पत्ता तळहातात लपवून, म्हणजे पाम करून, हात खिशात जातो आणि पाकीट बाहेर येता येता पत्ता आपल्या जागी पोहोचतो. प्रेक्षकाच्या लेखी मात्र पाकिटात शिरण्याचा रस्ता फक्त चेनमधून आहे आणि ती चेन बंद आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. शिकाऊ माणूस पत्ता पाम करतो, लगेच ‘तुमचा पत्ता इथे नाही’ असे जाहीर करतो आणि मग खिशात हात घालतो. हा क्रम घातक आहे, कारण पत्ता हरवल्याचे कळताच प्रेक्षकाची नजर चोर शोधू लागते आणि नेमक्या त्याच वेळी आपला हात खिशाकडे निघालेला असतो. माझा क्रम असा आहे : पत्ता कॅटमध्ये परत गेला की मी कॅट प्रेक्षकाच्या हाती देतो आणि हवा तेवढा वेळ पिसायला सांगतो. तो पिसत असताना मी पाकीट काढतो, त्यातून शंभराची नोट काढून टेबलावर ठेवतो आणि ‘तुमचा पत्ता मला ओळखता आला नाही, तर ही नोट तुमची’ असे म्हणतो. पाकीट तिथेच नोटेशेजारी राहते. प्रेक्षकाच्या हिशेबाने अजून जादूला सुरुवातही झालेली नसते, माझे काम मात्र संपलेले असते. पुढची दोन मिनिटे मी पाकिटाकडे पाहतसुद्धा नाही. मुद्दाम दोनदा चुकतो, मग त्यालाच कॅटमधून आपला पत्ता शोधायला सांगतो. तो एकेक पत्ता उलटत जातो, शेवटी एक्कावन्न पत्ते मोजून होतात, आणि त्या शांततेत मी पहिल्यांदा पाकिटाकडे बोट दाखवतो.

दुसरी गोष्ट, पाकीट रोजच्या वापरातले असावे. माझ्या पाकिटात वाहन परवाना आहे, किराणा दुकानाची पावती आहे, आईचा पासपोर्ट आकाराचा फोटो आहे. चामड्याच्या कडा काळवंडल्या आहेत. कोऱ्या करकरीत पाकिटाचा संशय कोणालाही येतो. पावत्यांनी फुगलेले पाकीट मात्र कुणी दुसऱ्यांदा निरखत नाही.

एक फजितीही सांगतो, कारण तिच्यातून मी फार शिकलो. ऐन श्रावणात एका नातेवाइकांकडे साखरपुडा होता. सहीसाठी मार्कर विसरलो होतो, म्हणून घरातल्या मुलाचे स्केचपेन घेतले. पत्त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर त्याची शाई वाळतच नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्यात दमट हवेने पत्त्याला बाक आलेला. पत्ता अर्ध्या वाटेत अडकला, ओल्या शाईने अस्तराला चिकटला, आणि पाकीट टेबलावर ठेवले तेव्हा मागून बदाम नव्वीचा कोपरा बोटभर बाहेर आलेला होता. आठ वर्षांच्या एका मुलीने तो सगळ्यांच्या आधी पाहिला. तेव्हापासून चांगला पर्मनंट मार्कर माझ्याच खिशात असतो आणि सही झाल्यावर पत्ता मी लगेच हातात घेत नाही. ‘सगळ्यांना नीट दाखवा’ असे म्हणतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत शाई वाळते आणि सही सर्वांच्या डोक्यात पक्की बसते.

इतर सभासदांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः कोटाशिवाय हा प्रयोग कोण कसा करते, ते जरूर लिहावे.

शुभ्रकळी

अतिशय उपयुक्त धागा. कोटाचा प्रश्न आपण काढलात, म्हणून लिहिते. मी नागपुरात शाळेत शिकवते आणि वर्गात व स्नेहसंमेलनात पत्त्यांची जादू दाखवते. या प्रयोगाची सगळी शिकवणी कोटाच्या आतल्या खिशापासून सुरू होते. मे महिन्यात नागपुरात कोट कोण घालेल? आणि माझी अडचण त्याच्याही पलीकडची आहे : साडीला खिसा नसतो आणि कुर्त्याला असला तरी त्यात जेमतेम रुमाल मावतो. शिवाय माझा हात लहान आहे. पाम केलेल्या पत्त्याचा कोपरा करंगळीच्या बाजूने दिसतो, हे आरशात पाहून मी दोनदा हा प्रयोग सोडून दिला आहे. या दोन्ही अडचणींवर काही उपाय आहे का?

खिसापत्ता

शुभ्रकळीताई, हाताच्या अडचणीवर उपाय सोपा आहे. जादूगार सहसा पोकर मापाचे पत्ते वापरतात, त्यांची रुंदी सुमारे ६३ मिलिमीटर असते. ब्रिज मापाचे पत्ते सुमारे ५७ मिलिमीटर रुंद असतात आणि उंची जवळजवळ तेवढीच असते. सहा मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण तळहातात ते फार जाणवतात. आपल्याकडे रमीसाठी जे पत्ते सर्रास मिळतात त्यांत या अरुंद मापाचेही असतात, त्यामुळे ते कुणाला वेगळे वाटत नाहीत. आणखी एक, पाम करताना बोटे ताठ ठेवू नका. ताठ हात लांबूनही ओळखू येतो. खडू धरून फळ्याकडे वळता वळता हात जसा सैल असतो, तसाच राहू द्या.

खिशाबद्दल मात्र मी आपल्याला पर्स वापरण्याचा सल्ला देईन, आणि नाइलाज म्हणून देत नाही. पुरुषाचा हात कोटाच्या खिशात क्षणभर जातो आणि तेवढ्यात सगळे उरकावे लागते. पर्समध्ये पाकीट शोधायला दहा सेकंद लागले तरी कोणाला आश्चर्य वाटत नाही. किल्ल्या बाजूला करा, चष्म्याचे घर बाहेर काढून टेबलावर ठेवा, मग पाकीट काढा. ही सवड मला मिळाली असती, तर माझी पहिली दोन वर्षे पुष्कळ सोपी गेली असती.

कोटाशिवाय मी स्वतः पँटच्या मागच्या खिशातले पाकीट वापरतो. त्या मापाची गिमिक पाकिटेही मिळतात. अमेरिकेच्या टॉम मुलिका यांच्या नावाचे त्यांपैकी बरेच प्रसिद्ध आहे. हात पाठीमागे जात असल्याने आडोसा चांगला मिळतो, फक्त मागे कुणी बसलेले नसावे. नेहरू जॅकेट मी करून पाहिले. त्याचा खिसा उथळ असल्याने पाकीट वर येते आणि हात उगाच घुटमळतो.

कोल्हापुरी_टाका

मी जादूगार नाही. चामड्याच्या वस्तू शिवणे हा माझा व्यवसाय आहे आणि एका हौशी जादूगार मित्रासाठी मी अशी तीन पाकिटे बनवली, म्हणून लिहायचे धाडस करतो. बाहेरून मागवलेली पाकिटे महाग पडतात आणि त्यांचे माप आपल्या नोटांना धरून नसते. आपली पाचशेची नोट ६६ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब आहे. परदेशी पाकिटात ती कधी कोंबून बसते, कधी बाहेर डोकावते, आणि मग ते पाकीट रोज वापरायचा कंटाळा येतो. खिसापत्ता यांनी रोजच्या वापराचा जो मुद्दा मांडला आहे, तो मला कारागीर म्हणून पूर्ण पटला.

पत्त्याच्या वाटेबद्दल माझा अनुभव असा आहे. पहिल्या पाकिटात मी पत्त्यापेक्षा दोनच मिलिमीटर जागा जास्त ठेवली होती. उन्हाळ्यात पत्ता लोण्यासारखा जायचा, जुलैत अडकायचा, कारण चामडे आणि कागद दोन्ही ओलावा धरतात. दुसऱ्या पाकिटात पाच मिलिमीटर जागा ठेवली आणि तोंडाशी दोन्ही बाजू थोड्या फाकवल्या, नरसाळ्यासारख्या. तोंडापाशी कडा तासून अगदी पातळ केल्या, म्हणजे न बघताही बोटांना ती वाट सापडते. अस्तराला कापड लावू नये. कापडाच्या विणीत पत्त्याचा कोपरा अडतो. मी जुनी एक्स-रे फिल्म साबणाने स्वच्छ धुऊन, कोपरे गोल कापून आत बसवली. ती गुळगुळीत असते, वाकते आणि मोडत नाही. मित्राचे तिसरे पाकीट आता सहावा पावसाळा पाहते आहे.

पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी येते, तिच्यावर तेल चोपडू नये. कोरड्या फडक्याने पुसावे, सावलीत वाऱ्यावर ठेवावे आणि पाकीट रिकामे असताना आत वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवावा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवले, तर बुरशी हमखास वाढते.

जुनाजाणता

धाग्याचा दर्जा उत्तम आहे हे मान्य करूनही एक हरकत नोंदवतो, आणि ती कोणावर राग धरून नोंदवत नाही. इथे कोणीही येऊन वाचू शकतो. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांचे रंगमंचावरचे प्रयोग मी लहानपणी पाहिले आणि त्यांनी मला या कलेकडे ओढले. मला तेव्हा एकाही प्रयोगाचे गुपित कळले नाही, म्हणूनच मी शिकायला निघालो. ज्याला धाग्यात सगळे आयते वाचायला मिळाले, तो शिकायला निघेल का? पत्त्याची वाट, तिचे तोंड, तिचे अस्तर, हे सर्व इथे लिहिणे योग्य आहे असे मला वाटत नाही.

खिसापत्ता

आपली हरकत मी दोन दिवस मनात घोळवली. पाकिटात काही सोय असते, ही गोष्ट आज पाकीट विकणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत दिसते आणि ती झाकून ठेवणे आपल्या हातात राहिलेले नाही. ती सोय नेमकी कुठे असते आणि घड्या कशा पडतात, हे मी मुद्दामच लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. कोल्हापुरी_टाका यांनाही मी व्यक्तिगत निरोपातून आकृती न टाकण्याची विनंती केली होती आणि त्यांनी ती लगेच मानली. पण क्रम, वेळ, शाई, दमट हवा यांवर बोललो नाही, तर शिकणारा माणूस पाकीट विकत घेतो, आठवड्याभरात घाईने दाखवतो, पकडला जातो आणि ते पाकीट कपाटात जाते. एखाद्या वाईट प्रयोगात गुपित जितके फुटते, तितके ते अशा चर्चेत फुटत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. तरीही आपले म्हणणे मनात ठेवूनच पुढे लिहीन.

दोनदारी

पत्त्यांसाठी आणखी एका पाकिटाचा उल्लेख व्हायला हवा. अमेरिकेतले वाद्यवृंदप्रमुख रिचर्ड हिंबर जादूगारही होते, आणि दोन बाजूंनी उघडणारे पाकीट त्यांच्याच नावाने ओळखले जाते. लहानपणी लाकडी पट्ट्या फितीने जोडलेले, एक पट्टी खाली सोडली की सगळ्या खळखळत उलटणारे खेळणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बिजागरीची तीच करामत यात आहे. एकीकडून उघडले की एक पत्ता, दुसरीकडून उघडले की दुसरा.

मी ते भाकितासाठी वापरतो. दोन्ही बाजूंना एकेक पत्ता आधीच ठेवलेला असतो आणि प्रेक्षकाच्या निवडीप्रमाणे मी कोणती बाजू उघडायची ते ठरवतो. पाम करावा लागत नाही, हा याचा मोठा फायदा. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन. त्याची उणीवही तितकीच मोठी आहे : सही केलेल्या पत्त्याचे काम त्याने होत नाही, आणि पाकीट हाती द्या असे प्रेक्षक म्हणाला, तर देता येत नाही. माझी सवय अशी की पाकीट उघडून पत्ता प्रेक्षकालाच काढायला लावायचा. त्याचे दोन्ही हात पत्त्यात गुंततात आणि पाकीट मिटून खिशात जाते. इथे घाई केली, तर सगळे वाया जाते. पाकीट ठेवताना माझी नजर त्याच्या पत्त्यावर असते, माझ्या खिशावर नसते.

मनकवडा

मी वेगळ्या बाजूने लिहितो. काही पाकिटे अशी असतात, की प्रेक्षकाने चिठ्ठीवर लिहिलेले किंवा मनात धरून पालथा ठेवलेला पत्ता जादूगाराला नकळत पाहता येतो. त्यांना ‘पीक वॉलेट’ म्हणतात. काही वर्षे मी गावोगावी चमत्कार सादरीकरणाच्या कार्यक्रमांत काम केले आहे. हातातून अंगारा काढणे, नारळातून करणी काढणे, हे सर्व हातचलाखीने कसे होते, ते आम्ही लोकांसमोर करून दाखवत असू. त्यामुळे मनातला पत्ता ओळखण्याच्या प्रयोगात शब्द फार जपून वापरावेत, असे मी सर्वांना कळकळीने सांगेन.

एकदा एका लग्नघरी मी अशा पाकिटाने इस्पिक राणी ओळखली. जेवणानंतर एक बाई मला कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि त्यांचा हरवलेला मुलगा कुठे असेल ते सांगता का, असे विचारू लागल्या. पाकिटाची करामत सांगितली, तरी त्यांचा विश्वास बसेना. त्या दिवसापासून मी प्रयोगाआधीच ‘हा सरावाचा खेळ आहे, माझ्यात कोणतीही शक्ती नाही’ असे स्पष्ट सांगतो. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा त्याच्या अनुसूचीतला एक प्रकार आहे. करमणूक म्हणून दाखवलेली जादू ही वेगळी गोष्ट. पण ती करमणूक आहे, हे समोरच्याला कळले पाहिजे, आणि ते कळवणे आपल्याकडे आहे. आधी सांगितल्याने प्रयोगाची मजा कमी होते, असा माझा अनुभव नाही.

जुनाजाणता

मनकवडा यांचा प्रतिसाद प्रत्येक शिकाऊ जादूगाराने वाचावा असा आहे. मूळ हरकतीबाबत खिसापत्ता यांचे उत्तर मला पूर्ण पटले नाही, पण आकृत्या न टाकण्याचा निर्णय योग्य आहे आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे.

एक तांत्रिक भर घालतो. पत्ता पाकिटातून कोण काढतो, याला फार महत्त्व आहे. शक्य असेल तेव्हा चेन प्रेक्षकाला उघडू द्यावी. काही पाकिटांत ते चालत नाही, पण जिथे चालते तिथे जादूगाराने हात मागे घ्यावेत. चेनचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो आणि त्या आवाजावर माणसे पुढे झुकतात.

शुभ्रकळी

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. ब्रिज मापाचे पत्ते घेतले. खिसापत्ता यांनी सांगितल्याप्रमाणे हात सैल ठेवून रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटे पत्ता हातात धरूनच घरातली कामे केली : पाण्याची बाटली भरणे, दिवे बंद करणे, वह्या दप्तरात ठेवणे. आठव्या की नवव्या दिवशी पत्ता हातात आहे याचा मला स्वतःलाच विसर पडला, आणि मी तशीच शेजारणीशी दारात उभी राहून बोलले. तिला काही दिसले नाही.

पाकीट कोल्हापुरी_टाका यांच्याकडून बनवून घेतले आणि पहिले पंधरा दिवस त्यातून फक्त भाजी आणली. परवा शिक्षकदिनाच्या कार्यक्रमानंतर स्टाफरूममध्ये प्रयोग केला. आमच्या गणिताच्या बाईंनी किलवर पंजीवर सही केली आणि कॅट इतका वेळ पिसला की मलाच थांबा म्हणावे लागले. तेवढ्यात मी पर्समधून चष्म्याचे घर, किल्ल्या आणि मग पाकीट काढले, नोट ठेवली. पुढे दोनदा चुकले, आणि दुसरी चूक खरीच होती, कारण घाबरून मी ठरवलेला पत्ता विसरले. त्यांनी कॅट उलटून पाहिला, पुन्हा पाहिला. मी पाकीट त्यांच्याकडे सरकवले आणि हात मांडीवर ठेवले. चेन त्यांनी उघडली. आत भाजीवाल्याची चिठ्ठी होती, ती त्यांनी बाजूला केली आणि तिच्याखाली त्यांची सही होती.

त्यांनी पत्ता परत दिला नाही. वहीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये सारून ठेवला आहे. एक्कावन्न पत्त्यांचा कॅट माझ्याकडे उरला आहे आणि नवा आणायला मी उद्या बाजारात जाणार आहे.